पोस्टरमधली मोकळी जागा

आईचा फोटो भिंतीवर लागला तेव्हा तिच्या अंगावर जांभळी, जरीची साडी होती. अशी साडी आईकडे जन्मात नव्हती. जांभळा रंग वांग्याला शोभतो, असं तिचं मत होतं. पण तिचा एकटीचा धड असा फोटोच नव्हता, म्हणून स्टुडिओवाल्याने एका लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून काढला आणि त्याच्याकडच्या तयार साडीवर बसवला. मागे आकाशी पडदा. तेराव्याला आलेल्यांनी हात जोडले, अगदी हुबेहूब आलाय म्हणाले. मीही मान डोलावली. फोटो माझ्या भावाने करून आणला होता, त्याला काय बोलणार?

मी डोंबिवली पूर्वेला राहते. आई शेवटपर्यंत माझ्याजवळ होती. लग्न मी केलं नाही. त्याची कारणं आता मलाही नीट आठवत नाहीत आणि विचारणारेही उरले नाहीत. धाकटा भाऊ आंबिवलीला असतो, बायको-मुलीसोबत. मधे तीन स्टेशनं. आई होती तोवर दर रविवारी जेवणं आटोपली की त्याचा फोन यायचा, आईच्या मोबाइलवर. आई स्पीकर लावायची आणि मी भांडी विसळता विसळता आतून ओरडून चार वाक्यं टाकायचे. तो आम्हा दोघींना फोन करतो अशी माझी समजूत होती. आई गेल्यावर कळलं, फोन आईला यायचा. मी मागून येणारा आवाज होते.

दिवसकार्य आटोपून तो निघाला तेव्हा दारात चपला घालताना सवयीने म्हणाला, "चल ताई, ये..." आणि मावशीने मागून डोळे वटारले. दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत आपल्यात. पुन्हा अशा कारणाने येणं नको, म्हणून. त्याने शब्द गिळला आणि खाली मान घालून जिना उतरला. रीत होती, त्याने पाळली. पण त्यानंतर तो आलाच नाही. भांडण नाही, रुसवा नाही, काही नाही. सुरुवातीला रविवारी दुपारी मी फोन मांडीवर घेऊन बसायचे. मग तो ओट्यावर ठेवायला लागले. आपणच करावा असं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, मीच का म्हणून? आई गेली तर बहीणही गेली का याची? हा ताठा मला आईकडूनच आलाय.

त्यात ऑफिसनेही हात काढून घेतला. ठाण्याला यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीचे हिशेब मी बघते. त्यांनी जागा सोडली आणि आम्हा हिशेबवाल्यांना घरूनच काम करा म्हणून सांगितलं. सगळे म्हणाले, मजा आहे बुवा तुझी. मजा अशी की संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मी त्याच खुर्चीत, त्याच खिडकीपाशी. काही दिवस तर असे जायचे की अख्ख्या दिवसात तोंडातून एकच वाक्य निघायचं, तेही भाजीवाल्यासाठी: कोथिंबीर घाल की रे थोडी.

अशात फोनवर जाहिरात दिसली. घरबसल्या ग्राफिक डिझाइन, अगदी पहिल्या पायरीपासून. मला डिझायनर वगैरे व्हायचं नव्हतं. आईच्या अंगावरची ती जांभळी साडी उतरवून तिची हिरवी सुती साडी परत नेसवायची होती, बस्. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी घरात कोणाचा तरी आवाज हवा होता.

आवाज मिळाला. शिकवणारे सर आधीच रेकॉर्ड केलेले. हिंदीत इंग्रजी कालवून बोलायचे आणि दर दोन वाक्यांनी "समझ में आया?" विचारायचे. मी पहिले काही दिवस खरंच "हो" म्हणायचे. लेयर म्हणजे काय ते कळायला मला आठवडा लागला. शेवटी पोळीचे पदर डोळ्यांपुढे आणले तेव्हा डोक्यात शिरलं. शनिवारी सगळ्यांचा मिळून क्लास असायचा. त्यात माणसं नव्हती, काळे चौकोन होते आणि त्यांत नावाचं एकेक आद्याक्षर. मी मात्र पहिल्या दिवशी केस विंचरून, टिकली लावून कॅमेऱ्यासमोर बसलेले. दुसऱ्या शनिवारपासून मीही काळा चौकोन झाले.

सरांचा सगळा भर मोकळ्या जागेवर. कागद भरून टाकू नका, डोळ्याला श्वास घेऊ द्या, जे काढता येईल ते काढा. मला हे झेपेना. आम्ही डोंबिवलीकर, दोन कपाटांच्या मधे फट दिसली तर तिथे छत्र्या खोचणारी माणसं. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसवाल्या एका साहेबांभोवती चाळीस शुभेच्छुकांची तोंडं बसवतात, वर वाघ, खाली गुलाब. आमच्याकडे मोकळी जागा सोडली की ती भरायला कोणी तरी विसरलं असं वाटतं. घरातही आईचा पलंग काढल्यावर खिडकीशी केवढी तरी मोकळी जागा झालेली. मी तिथे काही ठेवलं नव्हतं, पण तिच्याकडे बघून माझ्या डोळ्याला काही श्वास वगैरे मिळत नव्हता.

मग आला शेवटचा गृहपाठ. स्वतःची ओळख करून देणारं पोस्टर. मी आठवडाभर त्याच्यामागे होते. आधी माझा पिवळ्या साडीतला फोटो, मागे तुळस, खाली ओळ: हिशेब चोख, चहा कडक. मग सरांचं आठवलं आणि एकेक काढायला लागले. तुळस काढली. ओळ काढली, पोरकट वाटली. पिवळा रंग डोळ्यात जात होता म्हणून फोटो काळा-पांढरा केला, एकदम भारदस्त दिसायला लागला. खाली माझं नाव, नावाखाली जन्मसाल, त्यापुढे आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा, म्हणजे अजून बरंच व्हायचंय असं सुचवायला. कोपऱ्यात मोगऱ्याचं एक फूल. सगळ्याला बारीक काळी चौकट. इतकं स्वच्छ, नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मी खुर्चीतून उठून लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

बॅचच्या ग्रुपवर टाकलं. एकमेकांच्या कामावर अभिप्राय द्यायचा असा नियम होता. मी पोरापोरींच्या पोस्टरांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले. माझ्या पोस्टरखाली एक अंगठा आला आणि एक "नाइस मॅम". रविवारी सकाळपर्यंत वाट बघितली. मग मनात आलं, आपलीच माणसं आहेत की. आमचा चुलत, मावस, मामे असा सगळ्यांचा एक ग्रुप आहे, सकाळी सुविचार आणि संध्याकाळी देवाचे फोटो येतात त्यावर. भाऊही आहे त्यात. तो बघेल, निदान विचारेल तरी, ताई हे कधी शिकलीस. जेवायच्या आधी पोस्टर तिथे टाकलं. सोबत काही लिहिलं नाही. डिझाइनने स्वतः बोललं पाहिजे, असं सर म्हणायचे.

ते बोललं. मी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि बाहेर मेथी निवडत बसले. क्लाससाठी आवाज बंद केलेला, तो चालू करायचा राहिलाच. तासाभराने बेल वाजली. दारात समोरच्या काकू, पदर तोंडाला लावलेला. मला बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

"अगं बाई! तू आहेस?"

"मी नाही तर कोण असणार काकू?"

त्यांनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला. माझं पोस्टर कोणी तरी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपपर्यंत पोचवलं होतं. मी धावत जाऊन माझा फोन उचलला. पोस्टरखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. एका मामेबहिणीने समईचं हलणारं चित्र टाकलेलं. एका चुलतभावाने लिहिलं होतं, "विश्वासच बसत नाही, परवाच बोलणं झालेलं." तीन वर्षांत त्याचा माझा एक शब्द नाही. "मनमिळाऊ स्वभाव, सतत हसतमुख," असंही कोणी लिहिलेलं. ते वाचून मला माझीच शंका आली. "किती वाजता नेणार?" असं दोघांनी विचारलं होतं. माझ्या नंबरवरून माझीच बातमी कशी येईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. काळा-पांढरा फोटो, चौकट, जन्मसालापुढे रेघ आणि मोगरा. चौकाचौकात असले बोर्ड बघत मोठी झालेली माणसं, त्यांनी दुसरं काय समजायचं? मीही दुसऱ्या कोणाचं बघितलं असतं तर हात जोडूनच मोकळी झाले असते.

मला आधी हसू फुटलं. मग काकू म्हणाल्या, "मी तर पिठलं केलं, भाताचा कुकरसुद्धा लावला गं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. आणि शिट्टी झाल्यावर लक्षात आलं, तुझ्या घरात जेवायला मागे आहे कोण?" त्या भाबडेपणाने बोलल्या. माझं हसू तिथेच संपलं.

मी ग्रुपवर "अहो, मी आहे, हा गृहपाठ आहे" असं लिहिलं. तेव्हा दिसलं, भावाने ग्रुपवर काहीच लिहिलं नव्हतं. त्याचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक, स्क्रीन भरून. मी परत लावणार तोच जिन्यात धाडधाड पावलं वाजली.

घामाने निथळत तो दारात आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याने मला बघितलं, काकूंना बघितलं आणि उंबऱ्यातच खाली बसला.

"फोन उचल ना गं ताई!" एवढ्या मोठ्याने तो माझ्यावर आयुष्यात ओरडला नव्हता. "रिक्षात रडत आलोय मी आख्ख्या रस्त्याने. रिक्षावाला पाणी पाजत होता मला, माहितीय?"

"अरे, माझ्याच नंबरवरून आलेलं ना ते? मग?"

"मला वाटलं काकूंनी टाकलं असेल तुझ्या मोबाइलवरून. तुझ्याकडे दुसरं आहे कोण?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. काकू "पिठलं आणते" म्हणून निघाल्या.

आम्ही दोघं माझ्यासाठी केलेलं सुतकाचं पिठलं-भात जेवलो. चांगलं झालं होतं, त्याने दोनदा घेतलं. जेवताना त्याची नजर सारखी आईच्या फोटोकडे जात होती. शेवटी म्हणाला, "ताई, एक विचारू? ही साडी तुला खरंच आवडलेली?"

"मला? फोटो तू करून आणलास!"

"अगं, स्टुडिओवाल्याने फोनवर दाखवलेला तेव्हा तू हो म्हणालीस. मला वाटलं तुझीच पसंती."

"मला वाटलं तुझी."

वर्षभर दोघंही त्या साडीबद्दल गप्प होतो. तो तर म्हणाला, त्या साडीमुळे त्याला या घरात ती आईच वाटत नाही. मग फोनचंही निघालं. आईचा नंबर रविवारी हाताखाली यायचा आणि पुढे त्याला काही सुचायचं नाही, असं तो खाली बघत म्हणाला. "मला वाटायचं तू करशील. मोठी आहेस." मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि भात निवत होता.

मी लॅपटॉप उघडून त्याला आई दाखवली. हिरवी साडी अजून अर्धीच बसलीय, खांद्याशी जांभळी कड उरलीय. ती पुसायचा धडा माझ्याकडून दोनदा फसला आहे. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, बराच वेळ तसंच ठेवलं.

ऊन उतरल्यावर तो निघाला. बटणं नीट लावली, चपला घातल्या. "चल ताई," म्हणाला आणि अडखळला. मागे मावशी नव्हती, काही नव्हतं. तरी त्याची नजर फोटोवर गेली. "नीट राहा," एवढंच म्हणून तो जिना उतरायला लागला. सकाळपासून अंगात भिनलेलं सुतक त्याच्या अजून उतरलं नसावं. मी दारात उभी. एक मजला पावलं ऐकली. मागच्या वेळीही अशीच ऐकली होती.

मग मला धीर धरवला नाही. कठड्यावरून वाकून मी ओरडले, "अरे, मी मेलेली नाहीये! येतो म्हणून जा!"

खाली कोणाचं तरी दार उघडलं. पावलं थांबली.

"येतो गं ताई," जिन्यातून आवाज आला.

"ये," मी म्हणाले, आणि गेट वाजेपर्यंत दार लावलं नाही.