बांगडीच्या मापाचा चिमटा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये ऑपरेशनची हत्यारं किती तयार झाली ते विचारू नका. किस्से मात्र रोज एक तयार होतो, आणि त्यातला एकही रिजेक्ट होत नाही! हत्यारं रिजेक्ट होतात, कारण तपासणीला आप्पा आहेत. फाउंड्रीत आयुष्य काढलेला माणूस. भिंगातून पीस बघतात, "बगू" म्हणतात आणि बाजूला ठेवतात. आवडलाच तर गुपचूप खोक्यात टाकतात. 'पास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

मी डिझाइन करतो. आमचा सगळ्यांचा जीव अडकला होता एका लांब चिमट्यात. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी कापण्याआधी तिला क्लिप लावून बंद करतात, ती क्लिप लावणारा हा चिमटा. गावातल्याच एका सर्जन मॅडमनी तो वापरला तर ठीक, नाहीतर आम्ही परत पंपाचे पार्ट करायला मोकळे!

* * *

पहिलं सँपल मॅडमनी हातात घेतलं. बोटंच पुरेनात.

"हे काय री, पक्कड केलाय? मी काय प्लंबर हाय?" ('री' म्हणजे आमच्या बेळगावकडचं 'अहो'.)

हँडल मी माझ्या पंजावर बेतलं होतं. आता बाईमाणसाच्या हाताचं माप मागायचं कसं? असेंब्लीच्या आक्का, वडगावच्या विणकराच्या घरातल्या, म्हणाल्या, "बांगडीचा नंबर इचार की!"

मी सरळ फोन लावला. "मॅडम, बांगडी किती नंबरची लागते?"

 पलीकडून आवाज आला, "इंजिनियर, तुमच्या घरच्यांना विचारलाय काय आधी?"

नंबर मात्र दिला. नेमका आक्कांचाच निघाला. मग सगळं हँडल आक्कांच्या हातावर केलं.

* * *

चाचणीसाठी बकऱ्याच्या रक्तवाहिन्या हव्या होत्या. मटणाच्या दुकानात रविवारच्या गर्दीत मी म्हणालो, "मटण नको. नुसत्या शिरा द्या. अख्ख्या, न फाटलेल्या."

दुकानदारानं सुरी खाली ठेवली. "का हो? नको असलेला जावई आलाय काय घरात?"

* * *

त्या शिरांवर क्लिप काही बसेना. चिमटा दाबला की शीर पुढं निसटायची. मी दोन आठवडे जोर वाढवत होतो, स्प्रिंग बदलत होतो. आक्का बघत होत्या. शेवटी त्यांनी सुताचा ओला दोरा चिमट्यात धरला.

"दाबून काय हुतंय? टोक आदी मिटाय पायजे. न्हायतर दोरा फुडं पळतोय की!"

टोक आधी मिटेल असा जबडा केला. क्लिप बसली! मी शरमेनं भिंतीवरचं माझं डिग्रीचं सर्टिफिकेट उतरवायला गेलो.

आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. मागं भिताडाला भोक हाय."

* * *

दरम्यान कॅथेटरची, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालतात ती नळी अंगावर घट्ट धरून ठेवणारी पट्टीही केली होती. पेशंट कुशीवर वळला तरी नळी हलता कामा नये. आप्पा म्हणाले, "माज्या हाताला चिकटीव. घरला जाऊन बगतो."

खानापूरकडच्या त्यांच्या गावात आप्पा हाताला नळी लावून म्हशीची धार काढायला बसले. झालं! शहाळी घेऊन अर्धा गाव दारात. आप्पा ओरडून सांगतायत, "मला कायबी झालं न्हाय! कंपनीनं लावलंय!"

शेजारची म्हातारी हळहळली, "पळून जाईल म्हणून बांधलाय व्हय गं ह्येला?"

तीन दिवस आप्पा शहाळी पीत होते. पट्टी जागची हलली नाही. तरी सोमवारी येऊन म्हणाले काय, तर "बगू".

* * *

चिमट्याच्या तपासण्या झाल्या, परवाने आले. मॅडमनी तो घेतला आणि बाहेरून मागवलेल्या जुन्या चिमट्याशेजारी ठेवून दिला. पहिला पेशंट कोण, ते काही ठरेना.

आणि आप्पांच्याच पित्ताशयात खडे निघाले!

खरं सांगतो, मी घाबरलो. आपण केलेली वस्तू आता आपल्याच माणसाच्या पोटात जाणार होती. गुपचूप मॅडमना गाठलं. "आप्पांना तुमचा जुनाच वापरा."

"का री? दुसऱ्यांच्या आप्पांना हे चालतंय काय मग?"



पुढचं मॅडमनीच सांगितलं. भूल देण्याआधी त्यांनी आप्पांना विचारलं, "कुठला वापरू? तुमचा का आमचा?"

आप्पा म्हणाले, "आदी चष्मा द्या."

नर्सनं चष्मा चढवला. मॅडमनी लांबूनच आमचा चिमटा दिव्याखाली धरला. आप्पांनी बराच वेळ बघितलं.

"टोक मिटवून दावा."

कुणाचं न ऐकणाऱ्या मॅडमनी टोक मिटवून दाखवलं.

"परत एकदा."

परत दाखवलं. 

"पास," आप्पा म्हणाले. "घ्या आता चष्मा."