बेल्ह्याच्या व्यापाऱ्याचा जुना पत्ता

बेल्ह्याच्या बैलबाजाराचा विषय निघाला की ते प्रकरण आजही डोळ्यांसमोर उभं राहतं. जुन्नर आणि आंबेगाव या दोनच तालुक्यांत एका बँकेच्या खातेदारांना ‘बँकेतून बोलतोय’ असे फोन येत होते. बोलणाऱ्याला नाव, पत्ता, वारस सगळं ठाऊक असायचं. माणसं विश्वासाने ओटीपी सांगून मोकळी होत. तपास माझ्याकडे होता.

खबर बँकेतूनच मिळाली. सगळी खाती पुण्यातल्या मेनफ्रेमवर, म्हणजे एका अवाढव्य संगणकावर होती. चाचणीसाठी तिथल्या डेटाबेसची प्रत काढणारं एक सॉफ्टवेअर होतं. व्यवहार न थांबवता ते साठवणुकीच्या यंत्रणेतच हुबेहूब दुसरा डेटाबेस उभा करी. ते काम बघणारी बँकेची इंजिनिअर आंबेगावातल्या कळंबची. प्रतीसाठी शाखा तिनेच निवडलेल्या, आणि त्या नेमक्या आमच्याच दोन तालुक्यांतल्या. पोलिसाला आणखी काय लागतं?

तिला चौकशीला बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवली. बाहेर बाकावर तिचे वडील टोपी हातात घेऊन बसले होते. मुलीचं लग्न ठरलेलं. अटक झाली असती तर नोकरी आणि सोयरीक दोन्ही गेली असती. मी आडपडदा न ठेवता विचारलं, हीच गावं का?

ती म्हणाली, “साहेब, परक्या गावातली नावं चुकली तर मला कळणार नाय. आपल्याकडची गावं, आडनावं तोंडपाठ हायेत. प्रत नीट आली का नाय, लगेच दिसतं.”

खातेदारांची नावं बदलून मगच चाचणी करायची, असा नियम होता. बदललेल्या नावांत चूक दिसत नाही म्हणून तिने तो पाळला नव्हता, हेही तिने सांगून टाकलं. ठरवून खोटं बोलणारा याहून शहाणं कारण शोधतो. तरी मी तिला सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं.

त्याच दुपारी फसवणूक झालेला बेल्ह्याचा एक व्यापारी जबाब द्यायला आला. मूळचा जुन्नरचा मुसलमान, बैलांचा जुना जाणकार. तो सहज बोलून गेला, “फोनवाल्याला माझं जुन्नरचंच घर म्हाईत व्हतं राव. ते इकून मी बेल्ह्याला आलो, ब्यांकेत पत्ताबी बदलला. त्याचा त्याला पत्ताच न्हाई.”

मी बाकीच्या तक्रारदारांना पुन्हा बोलावलं. घोडेगावच्या एका नव्या सुनेला फोनवर माहेरच्या नावाने हाक मारली होती. बँकेत तर तिने नाव बदललेलं. चोराकडची माहिती एका जुन्या तारखेला थांबलेली होती.

दुसऱ्या दिवशी हे सांगताच मुलगी ताठ बसली. ती म्हणाली, तिच्याकडची प्रत दर आठवड्याला नव्याने निघे, जुनी पुसली जाई. जुनी एकच उरली होती, चाचणीसाठी बाहेरच्या कंपनीला दिलेली. तिथल्या एका कर्मचाऱ्याने ती विकली होती. झडतीत त्याचे फोन सापडले, मग प्रत कुणाला विकली ते तो भराभर बोलला.

मुलीवर बँकेने ठपका ठेवला, नोकरी मात्र राहिली आणि लग्नही झालं. मला त्या प्रकरणाने एक सवय लावली. कुणी माणूस संशयित म्हणून समोर आला की मी स्वतःला विचारतो, याच्याबद्दलची माझी माहिती कधीची?

त्या दुसऱ्या दिवशी ठाण्यातून जाताना तिच्या वडिलांनी तिला विचारलं होतं, “आता त्या कॉपीत आपलं गाव आसंल का गं?”

“नाय दादा. आता समदी खोटी नावं.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि दिवसभर हातात धरलेली टोपी त्यांनी डोक्यावर घातली.