कुंडलिकाची शक्यता

देवानं माणसाला जीभ दिली ती ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता यावं म्हणून. पासलीच्या कुंडलिकानं मात्र दोहोंच्या मधली जागा धरली आणि तिथंच बिऱ्हाड मांडलं. पुण्यात हवामानाच्या कचेरीत तो गणिती होता. समुद्रावरच्या आभाळाच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येकीत वाऱ्याचे नि दाबाचे आकडे भरायचे आणि किनाऱ्याजवळ वादळ जन्म घेईल का, हे संगणकाला पुसायचं, ही त्याची नित्यपूजा. संगणक ठाम बोलत नसे. त्याच्या संगतीनं कुंडलिकही ठाम बोलेनासा झाला. चहा घेणार का विचारलं, तरी म्हणे, “शक्यता आहे.” मुलगी पसंत का विचारलं, तेव्हाही तेच म्हणाला, सोयरे उठून गेले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दिवाळीत तो गावी आला, तेव्हा आई ठकुबाईंचं कापलेलं भात शेतात वाळत पडलं होतं. निघण्यापूर्वीच्या गणितात कोकण किनाऱ्यालगत वादळ उमटलं होतं. ते घाट चढलं, तर दाणा पेंढीतच मोड घेणार; वाचवायचं तर त्याआधी भारे खळ्यावर आणून त्यांची उडवी, म्हणजे शाकारलेली रास, रचायला हवी.

“इर्जिक घालू का?” ठकुबाईंनी विचारलं. इर्जिक म्हणजे सारं गाव एका शेतात राबणार आणि संध्याकाळी घरधनीण साऱ्यांना जेवू घालणार. उगाच घातली, तर जेवण जाईल आणि हसू उरेल.

“आये, शक्यता हाय की...”

“शक्यतेची उडवी रचता येत न्हाई. बोलवू का नको?”

वर आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. खाली वर्षाचं अन्न. आलेला शब्द कुंडलिकानं दोनदा गिळला. मग म्हणाला, “बोलव.”

गाव लोटलं. मावळतीपर्यंत भारे खळ्यावर आले, उडवी रचून वर गवताची शाकारणी झाली. पंगत बसली, तोच शेजारच्या गेनबाच्या ट्रान्झिस्टरवर बातमी लागली: वादळ समुद्रातच विरलं.

“सायेब,” गेनबा पत्रावळीवरून म्हणाला, “वादळाला आवतन द्यायचं ऱ्हायलं जनू.”

पंगत हसली. कुंडलिकानं मान खाली घातली. ठकुबाई भाताची पाटी घेऊन त्याच्यापुढं थांबल्या.

“कोकनातल्या लेकरांच्या डोईवर छपरं ऱ्हायली, आन् तू तोंड पाडून बसलास? यावं असं वाटत हुतं व्हय रं तुला?”

दिवसभर भारे वाहताना तो पश्चिमेकडं बघत होता. एक ढग दिसावा म्हणून मनातल्या मनात देवाला आळवत होता. आपण काय मागत होतो, ते आता ध्यानात आलं आणि तो कानापर्यंत लाजला.

“व्हय, आये. वाटत हुतं.”

“देवानं ऐकलं न्हाई, ही त्याची किरपा. भात वाढू?”

“वाढ.”

‘शक्यता हाय’ ऐकायला टपलेल्या गेनबाचा घास हातातच राहिला.