ओवीतला दगडू

विसरभोळ्यांनो, आजीला फोन करायचं ध्यानात ऱ्हात न्हाय, निदान हे तरी वाचा. नात लिहितीय, मी सांगतीय.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना म्या रचलेल्या ओव्या गावच्या गुरुजींनी उतरून घेतल्या. पुढं त्या ओव्यांचं पुस्तक निघालं, पण मला रॉयल्टी कधीच न्हाय.

आज प्रकाशकाच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "आजी, ओव्या तुमच्याच कशावरून?"

"पुस्तक उघड, बोट ठेव," म्हटलं अन् गायला लागले. आमच्यात ओवीत भावाचं नाव गुंफतात. जिथं मी दगडू म्हणायची, तिथं पुस्तकात त्याचं बोटबी दगडूवरच थांबायचं.

"म्हणजे या ओव्यांतल्या दगडूची बहीण तुम्हीच?"

"व्हय. लिही आता गुमान चेक."

त्यानं लिहिला. मला अक्षर येत न्हाय, तरी पुस्तकातल्या त्या पानावरून हात फिरवला. मातीत गेलेला माझा भाऊ इतकी वर्षं इथं बसला होता!

उद्या त्याच्या नावानं पान वाढायचंय. फोन विसरा, पण त्याच्या आवडीचे धपाटे अन् शेंगाची चटणी धाडा.