साळवे सिस्टरांची ओव्हर

साळवे सिस्टर ड्यूटी संपवून दारापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघायच्या, निघायच्या, पुन्हा यायच्या. रोज तीनदा. आम्ही नर्स पोरी चेष्टा करायचो, "सिस्टर, सिलिंडर काय पळून जातोय का?"

"पळतो गं, न सांगता पळतो," म्हणत त्या चौथ्यांदा बघायच्या.

संगमनेरच्या आमच्या दवाखान्यात त्या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या. पायाला भिंगरी. त्यांना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर मला भेटवा.

मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते, तेव्हा एक बाळंतीण माझ्यासमोर गेली. रक्त थांबेना. मी रक्ताची पिशवी दाबत राहिले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर माझं काही खरं नव्हतं. जेवताना मूठ आपोआप आवळायची. वॉर्डात कुणी मोठ्यानं हाक मारली की हातातलं टाकून धावायचे. चौथ्या दिवशी मी राजीनामा लिहूनच नेला.

सिस्टरांनी तो वाचून खिशात घातला. "आधी ओव्हर दे."

ड्यूटी बदलताना पेशंटची सगळी माहिती पुढच्या नर्सला सांगायची, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मी एकेका बेडची दिली.

"ही पेशंटची झाली. आता तुझी दे."

त्यांनी मला चादरींच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि गठ्ठ्यावर बसल्या. ही बाई तासभर जागची हलली नाही! मी रडले, तर रडू नको म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारायच्या, "मग?"

"माझ्यामुळं गेली ती."

"कुठं थांबलीस तू? ते सांग."

मी आठवत गेले. कुठंच थांबले नव्हते.

"डॉक्टरला बोलवाया धावलीस, पिशवी आनाया धावलीस. ते बी सांग की. निम्मीच ओव्हर देतीस व्हय?" मग उठत म्हणाल्या, "ह्यो कागद महिनाभर माझ्याकडं राहू दे. तवर तुझी ड्यूटी माझ्यासंगं."

महिनाभर रोज त्यांनी माझी ओव्हर घेतली. कागद मी परत मागितलाच नाही. पुढं कितीतरी पोरी त्या खोलीतून डोळे पुसत बाहेर आलेल्या मी पाहिल्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, फोटो सगळं झालं. हातात पिशवी घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि सिलिंडरपाशी परत आल्या. एकदा, दोनदा, तीनदा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि इतकी वर्षं हसल्याची लाज वाटली.

"सिस्टर, तुमची ओव्हर राहिली."

"माझी? कोल्हारची एसटी चुकल गं."

मी पिशवी काढून घेतली आणि त्यांना चादरींच्या खोलीत नेलं. दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"बेड नंबर चार," त्या म्हणाल्या. "सहा वर्साची पोर हुती. मी नवीन हुते. काटा बघितला नव्हता मी."

बोटावरचा पदर त्यांनी सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"मग?" मी विचारलं.