उभ्या राहायचं हं, बाई

माझ्या हातात पेटलेल्या निरांजनाचं तबक आलं. समोर परळची सभा. खुर्चीत पालिकेचे आमचे उमेदवार, मान पुढे करून. कपाळ तयार होतं.

"चला बाई, ओवाळा," पक्षाचे चिटणीस म्हणाले.

आठवड्यापूर्वी हेच चिटणीस घरी आले होते. "यंदा पालिकेला तुम्ही उभ्या राहायचं हं, बाई." मी वकील. शब्दांचा कीस काढणं हा माझा धंदा. आणि हा शब्द मी अख्खाच्या अख्खा गिळला.

आमच्या चाळीतली मी पहिली वकील. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत धरलेल्या गिरणी कामगारांना सोडवायला कोर्टात जायचे, तेव्हा शिपाई विचारायचा, "आरोपीची कोण? बायको की बहीण?" ते मी हसण्यावारी न्यायचे. तो परका होता. हे आपले होते.

या उमेदवारांचाही जामीन मीच करवला होता. "ताई, उपकार विसरणार नाही," म्हणाले होते. विसरले नव्हते. ओवाळायचा मान दिला होता.

पुढच्या रांगेत आई. गिरणीतून थेट आलेली, केसांत कापूस. सगळ्या चाळीला लेकीबद्दल सांगून आली होती, "माझां चेडू उभां रवतलां."

मी चिटणिसांना हळूच म्हटलं, "तुम्ही उभ्या राहा म्हणाला होतात."

"मग राहिलात की!" स्वतःच्या विनोदावर ते खूश झाले. "आधी राज्य येऊ दे. बायकांचं मग बघू."

"ताई, वात विझेल," उमेदवार म्हणाले. त्यांची मान अजून पुढेच.

तबक मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. धोतर सांभाळत ते ताठ बसले. मी माइककडे गेले.

"मी उभी आहे. ओवाळायला नाही. पालिकेला."

कोणीतरी माइक बंद केला. सभेत हशा, शिट्ट्या. आणि त्यातून आईचा आवाज, "मोठ्यान बोल गो!"

मोठ्याने बोलले.

दुसऱ्या दिवशी मला बसवायला माणसं आली. पक्षशिस्त, चळवळ, हुतात्मे, सगळं काढलं. आलेल्यांतल्या दोघांना मीच लॉकअपमधून बाहेर आणलं होतं. त्यांनाही दार दाखवलं. त्या खेपेला अपक्ष लढून पडले. पुढच्या खेपेला निवडून आले, तेव्हा हेच चिटणीस हार घेऊन आले. तो मी टेबलावर ठेवायला सांगितला.

राज्य आलं. त्यांचं 'मग' अजून आलेलं नाही.

मी बसणार नाही.