शेजारच्या हॅरल्डचं युद्ध

अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे राहायला आल्यापासून त्र्यंबकरावांचं कुणाशी वाकडं नव्हतं. अपवाद एकच, शेजारचा ऐंशी वर्षांचा हॅरल्ड. त्याचा गुन्हा एवढाच, की २००४च्या त्या शरदात दर शनिवारी नात अनिका टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्याकडे जाऊन बसायची. शाळेने तिला युद्धातल्या माणसाची मुलाखत घ्यायला सांगितली होती, आणि हॅरल्डने दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान चालवलं होतं.

घरातलाच एक माणूस एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बरच्या इंजिनांचा फिटर होता, याची मात्र कुणाला पडली नव्हती. आपण होऊन सांगणं त्र्यंबकरावांना कमीपणाचं वाटे. मग ते सुनेच्या चहाला नावं ठेवत. "मीठमसाला लावून सांगत असणार म्हातारा!" असं पुटपुटत.

चौथ्या शनिवारी न राहवून तेही गेले, त्याची चूक पकडायलाच. हॅरल्ड सांगत होता: दोन इंजिनं बंद, पंखाची चाळण, खाली इंग्लंडभर दाट धुकं. तिसऱ्या घिरटीला धावपट्टीचे दिवे दिसले आणि कसेबसे उतरलो. अनिका आ वासून ऐकत होती. त्र्यंबकरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरच्या आजोबांपुढे ही पोरगी पाच मिनिटं बसत नाही!

"तुमच्या फिटरचं नाव काय?" त्यांनी इंग्रजीत खडसावून विचारलं.

हॅरल्डला आठवेना. "लाज वाटते," तो म्हणाला. "उतरल्यावर माझ्या गळ्यात पडून रडला होता बिचारा."

"मला माझे वैमानिक नावानिशी पाठ आहेत," त्र्यंबकराव तोऱ्यात म्हणाले. "विमान ठीक आहे म्हणून उड्डाणाआधी सही माझीच असायची."

"आजोबा! यू वेअर इन अ वॉर? मला का नाही सांगितलं?" अनिकाने रेकॉर्डर त्यांच्यापुढे धरला. हॅरल्डनेही खुर्ची वळवली. महिनाभर ज्यासाठी जीव जळत होता, ते सगळं मिळालं होतं.

"तुमचं प्लेनपण असंच फॉगमधून परत आलं?" तिने विचारलं.

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं. डिसेंबरची ती सकाळ, धुक्याने भरलेली धावपट्टी, दुपारपर्यंत आकाशाकडे कान लावून उभे असलेले आपण. त्या विमानातल्या दोघांची नावं ओठांवर आली आणि तिथेच थांबली. आपल्या हातून काही राहिलं होतं का, हे तेहतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"बंद कर ते," ते म्हणाले.

हॅरल्डचा हेवा केव्हाच विझला होता. आता त्यांना त्याच्या त्या बिननावाच्या फिटरचा हेवा वाटत होता.